स्वभाव, निग्रह आणि रंध्याचे पाते

ज्ञानी मनुष्यही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग निग्रह, म्हणजे बळाने केलेला अटकाव, काय करणार, असा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील 33 व्या श्लोकात आला आहे. प्रकृतीच बलवत्तर असेल तर पुरुषार्थाला, म्हणजे मानवी प्रयत्नाला, वाव उरत नाही आणि शास्त्रही व्यर्थ ठरते, ही त्यातून निघणारी शंका शंकराचार्यांनी भाष्यात स्वतःच उपस्थित केली आहे. तिचा उलगडा होण्यास सुतारकामातील एक अडचण उपयोगी पडते.

शिरूर आणि दौंड या घोड-भीमेकाठच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत बाभूळ हे औतफाट्याचे आणि बैलगाडीचे लाकूड. तिचे तंतू पुष्कळदा गुंतलेले असतात, म्हणजे खोडाच्या एका थरात ते एका बाजूला कलतात आणि पुढच्या थरात उलट बाजूला. त्यामुळे रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी फळीचा काही भाग उलटाच लागतो. अशा ठिकाणी पात्यापुढे पडणारी चीर तंतूंच्या कलाने लाकडात खोल उतरते, तंतू उपटले जातात आणि खळगे पडतात. जोर केल्याने ते बुजत नाहीत, वाढतात. म्हणून जाणता सुतार पाते नीट पाजवतो, ढलपी अगदी पातळ काढतो आणि पात्यावरची दाबपट्टी धारेच्या इतकी निकट बसवतो की ढलपी तेथेच मोडून वर वळते व चीर पुढे धावत नाही. एवढ्यानेही न भागल्यास तो नेहमीच्या 45 अंशांऐवजी अधिक उभे पाते लावतो.

यात लाकडाची प्रकृती तिळभरही बदललेली नसते, आणि ती बदलणे इष्टही नसते, कारण जे तंतू रंध्याला आडवे येतात त्यांच्यामुळेच गुळगुळीत फळीवर छायाप्रकाशाचे पट्टे उमटतात. शंकराचार्यांचे समाधानही असेच आहे: प्रकृती मनुष्याला राग आणि द्वेष, म्हणजे आसक्ती आणि तिटकारा, यांच्याद्वारे ओढते, म्हणून त्या दोहोंच्या आहारी न जाणे हेच प्रयत्नाचे क्षेत्र होय.

या दृष्टान्ताला मर्यादा आहे, कारण सुतार लाकडाहून वेगळा असतो, तर साधकाला स्वतःच्याच प्रकृतीवर काम करावे लागते. परंतु त्यामुळे विवेकाची धार राखण्याची जबाबदारी वाढतेच. तेव्हा निग्रह निष्फळ ठरला एवढ्यावरून प्रयत्न निष्फळ ठरत नाही, आणि स्वभावाकडे बोट दाखवून प्रयत्न सोडणाऱ्याला गीतेचा हा श्लोक आधार देत नाही.