बसा आता

आमच्या आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ते १९९४ च्या सुगीत. तालुक्याच्या दवाखान्यात जीव वाचला. हात-पाय गेला, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत होतं. घरी आणून सोप्यात बाज टाकली. वेळेवर दूध, वेळेवर तेल लावणं. गाव म्हणायचं, पोरगा असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं.

मृग तोंडावर आला तसं भुईमुगाचं बी निवडायला काढलं. आप्पांनी डाव्या हातानं एक सूप ओढून घेतलं. किडका दाणा, सुरकुतलेला दाणा, साल निघालेला दाणा बाजूला काढू लागले. हात थरथरायचा, चार दाणे भुईवर सांडायचे. मला ते बघवेना. मी सूप काढून घेतलं. म्हणालो, "आप्पा, कशाला तरास घेताय? बाया निवडत्याल. तुमी बसा आता."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. बोलले काही नाहीत.

त्यानंतर ते भिंतीकडं तोंड करून निजू लागले. जेवण तुटलं. पहाटे तीनलाच टक्क जागे. नातू जवळ गेला तर हात फिरवायचे, पण नजर भलतीकडंच असायची. आम्ही म्हटलं, वय झालं, दुखणं मोठं. दीड वर्षात आप्पा गेले.

तीन वर्षांमागं गोठ्यात माझा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण काठी कायमची आली. पोरगा गुणाचा. रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला तोच जाऊ लागला. एका रात्री मी बॅटरी घेऊन उठलो, तर म्हणाला, "आबा, कशाला तरास? तुमी बसा आता."

तेच शब्द. त्या रात्री आप्पांची ती नजर मला कळली.

पुढं मलाही पहाटे तीनला जाग येऊ लागली. चहा मातीसारखा लागायचा. आपलं ओझं झालंय, हेच डोक्यात घोळायचं. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, आणि घरात काय करता? तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, हा उदासपणाचा आजार आहे, याला औषध आहे. शरीर अधू झालं की मन खचतं, मन खचलं की माणूस हलत नाही, आणि हलला नाही की शरीर आणखी अधू होतं. वारं गेलेल्या तीन माणसांत साधारण एकाला हा आजार गाठतो, हेही त्यांनीच सांगितलं. आप्पांना तेव्हा हे कुणी विचारलंच नव्हतं. आता सरकारचा १४४१६ हा फुकट फोन आहे, मनाच्या दुखण्यावर बोलायला. आमच्या गावात तो किती जणांना माहीत आहे?

गोळ्या चालू झाल्या. पोराशीही बोललो. आता मजुरांच्या हजेऱ्या मी लिहितो. मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, तो ओट्यावर बसून मी चालू-बंद करतो. मन रमवायला दिलेलं खोटं काम माणसाला लगेच कळतं. ज्यावाचून घराचं अडतं, असं काम पाहिजे.

पण एक प्रश्न राहतोच. ज्याच्यानं काहीच होत नाही, त्याची किंमत काय? थकलेल्या बैलालाही आपण दावणीला वैरण घालतो. आप्पांनाही मी वैरण-पाणी चोख केलं, एवढंच. पण माळाच्या पट्टीत यंदा काय पेरावं, हे विचारलं नाही. हात गेला होता, चाळीस पावसाळ्यांची अक्कल कुठं गेली होती? बाजेवर पडलेला माणूसही "अजून आठ दिवस थांब, ओल नाही" एवढं सांगू शकतो. जीभ जड असली तर मान हलवून सांगेल. त्याला विचारायला पैसे पडत नाहीत, फक्त बाजेशेजारी टेकावं लागतं. मला तेवढी सवड झाली नाही, आणि सेवा केली म्हणून मी मिरवत राहिलो.

दर मृगाला बी निवडायला बसलो की ते सूप आठवतं. आप्पांनी त्या दिवशी मूठभर बी निवडून बाजूला ठेवलं होतं. सूप उचलताना ते मी ढिगातच मिसळलं असणार.