सात हजारांचं गहाणखत

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात वार्षिक क्रीडास्पर्धांची नावनोंदणी चालली होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक पोरगा कुस्तीसाठी नाव द्यायला गेला. अंगानं किरकोळ, उंची बेताची. क्रीडाशिक्षकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि नाव घ्यायला नकार दिला. पोरगा तडक प्राचार्य खर्डीकरांकडे गेला. खर्डीकरांनी त्याला उतरायची परवानगी दिली. त्या स्पर्धेत त्यानं आपल्याहून दांडग्या गड्यांना एकामागून एक अस्मान दाखवलं. हा पोरगा म्हणजे खाशाबा जाधव.

त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. पैलवान म्हटलं की भरदार मान आणि रुंद छाती शोधायची, ही आपल्याकडची जुनीच नजर. खाशाबांचं बळ चपळाईत होतं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान कवेत जखडायची आणि त्याला सावरायला उसंत न देता खाली आणायचं. असं कसब उभ्या माणसाकडे बघून कळत नाही. त्याला खेळवूनच बघावं लागतं. घरी वडील दादासाहेब, कऱ्हाडला बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी, कॉलेजात गोविंद पुरंदरे, इतक्या जणांनी ते घडवलं होतं.

पुण्याजवळच्या आमच्या वाघोलीत नगर रस्त्याच्या आजूबाजूला आता कितीतरी कॉलेजं झाली. पुढे लोणीकंदला कुस्तीचं केंद्र आहे. जवळच्या फुलगावात २०२३ साली महाराष्ट्र केसरी झाली आणि सिकंदर शेखनं गदा उचलली. निवडीच्या दिवशी इथल्या मैदानांवर बाहेरगावची पोरं रांगेत उभी असतात, एखाद्याच्या पायात मित्राचे बूट. शिक्षकांपुढे नावं ढीगभर आणि वेळ थोडा. अशा वेळी नुसत्या अंगकाठीवरून एकही नाव खोडू नये, असं मला कळवळून वाटतं. एक डाव खेळायला मिळणं हा त्या पोराचा हक्क आहे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. लाल मातीत वाढलेला हा गडी तिथे मॅटवर उतरला आणि तरी सहावा आला. पुढच्या वेळी मात्र हेलसिंकीला जायचं तर पैशाची सोय कुठून करायची, हा प्रश्न होता. त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडे, गावकऱ्यांकडे हात पसरले. रक्कम पुरेना. तेव्हा खर्डीकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली मास्तरकी करणाऱ्या माणसाला ही रक्कम केवढी होती! पदकाची हमी त्यांना कुणी दिली नव्हती. नाव लिहून घेणं सोपं असतं. त्या नावापायी घर पणाला लावणारा शिक्षक विरळाच.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोडक्या वेळात संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी तासन्‌तास लागले.

सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या. पदकविजेता पुन्हा लांग कसून मातीत उतरला, लढला, जिंकला, आणि त्यातून आलेल्या पैशांनी त्यांनी खर्डीकरांचं घर सोडवून दिलं.