मर्जी आणि एतबार

एतबार मोजता येतो का? हा प्रश्न आमच्यापुढे कुठल्या ग्रंथातून आला नाही, तो आला भाच्याच्या संगणकावरून. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा हा मुलगा सुट्टीत घरी आला होता आणि 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' नावाचा खेळ खेळत बसला होता. कॅनडातील बायोवेअर कंपनीचा हा खेळ २००९ साली आला. त्यात खेळणारा स्वतःच कथेचा नायक होतो. वाटेत त्याला साथीदार भेटतात आणि सर्व मिळून एका मोठ्या संकटाशी झुंजतात. नायकाविषयी प्रत्येक साथीदाराचे मत काय, हे एका पट्टीवर दिसते : उणे १०० ते अधिक १००. त्याच्या मनासारखे बोललात की आकडा चढतो, विरुद्ध वागलात की उतरतो. भेटवस्तू दिली तरी चढतो.

या साथीदारांत मॉरिगन नावाची एक जादूगारीण आहे. दुबळ्यांसाठी फुकट खपणे तिला मुळीच रुचत नाही. रेडक्लिफ नावाच्या गावावर संकट आले, तेव्हा भाच्याने तिला छावणीत ठेवले आणि इतरांना घेऊन तो गाव वाचवायला गेला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "मामू, वो साथ में रही तो नंबर कटते!" काम आटोपून परतल्यावर त्याने तिला एक दागिना दिला. आकडा वर गेला. तो खूश झाला.

आम्ही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. दोन वर्षांपूर्वीचा आमचा वर्ग आठवला.

बी.एड.ला शिकलो होतो की, चांगल्या वर्तनाला लगेच दाद द्यावी. म्हणून आम्ही वर्गाच्या भिंतीवर 'ईमानदारी का तख्ता' लावला. सापडलेली वस्तू आणून देईल त्याच्या नावापुढे एक तारा. पहिल्या आठवड्यात दोन पेन्सिली आणि एक खोडरबर आले. मग एक मुलगा रोज एक रुपया 'सापडला' म्हणून आणू लागला. पुढे त्याची आई भेटली तेव्हा उलगडा झाला. खाऊसाठी घरून मिळालेला रुपयाच तो आम्हाला आणून देत होता. आम्ही त्याला रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? तारे आम्हीच वाटत होतो. ईमान शिकवायला निघालो आणि रिया शिकवून बसलो.

खेळ घडविणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नाही, असे नाही. अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४' हा खेळ १९८५ साली आला. त्यात शेवटी मारायचा कुणी राक्षसांचा राजा नाही. नायकाने आठ सद्गुण अंगी बाणवायचे आहेत. त्यात जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. पैसे नायकानेच मोजून द्यायचे. कमी दिले तरी माल मिळतो, कुणी ओरडत नाही, पडद्यावर आकडा उतरत नाही. खेळ मात्र आत कुठेतरी ते नोंदवून ठेवतो. माप मारणाऱ्यांविषयीची ताकीद लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये.

यंत्राला मोजल्यावाचून काही कळत नाही, हे मान्य. तेव्हा प्रश्न मोजण्याचा नाही, काय मोजायचे याचा आहे. नुसता आकडा लपवून भागत नाही. आमच्या मते मूळ घोटाळा वेगळाच आहे. मर्जी आणि एतबार या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पट्टीवर मोजल्या जातात.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. खेळाशी त्याची तुलना करण्याचा हेतू नाही, केवळ फरक स्पष्ट व्हावा म्हणून सांगतो. मक्केच्या लोकांना पैगंबरांचा (स.) संदेश मान्य नव्हता, पुढे तर ते जिवावर उठले. तरीही त्यांच्या ठेवी पैगंबरांच्याच (स.) घरी होत्या, कारण ते अल्-अमीन होते. इ.स. ६२२ मध्ये हिजरत झाली तेव्हा या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (र.) मागे थांबले. मर्जीची पट्टी लावली असती तर आकडा उणे १०० निघाला असता. एतबार मात्र पूर्ण होता.

चांगल्या रचनाकारांना हा फरक कधीकधी गवसला आहे. त्याच 'ड्रॅगन एज'मध्ये ॲलिस्टेअर नावाचा साथीदार आहे. त्याची मर्जी कितीही राखा, ज्या लोगेनने त्याच्या माणसांचा घात केला त्याला नायकाने जीवदान दिले की तो साथ सोडतो. भेटवस्तूंचा तिथे उपयोग होत नाही. २०११ साली आलेल्या दुसऱ्या भागात पट्टीच्या एका टोकाला दोस्ती आहे, तर दुसऱ्या टोकाला विरोध. इसाबेला नावाची साथीदार एकदा पळून जाते. तिच्या अडचणीत नायकाने मदत केली असेल आणि दोस्ती किंवा विरोध यांपैकी एक नाते गहिरे झाले असेल, तरच ती परत येते. ज्याने कधी हो म्हटले, कधी नाही म्हटले, सगळ्यांची मर्जी राखली, त्याच्यासाठी ती येत नाही. तोंडावर विरोध करणारा माणूस निदान कुठे उभा आहे, हे तरी समजते.

तरीही या खेळांत एक उणीव राहते. एतबार कमवायचा तो बहुधा नायकाने. साथीदाराने नायकावर आधी विश्वास टाकून काही गमावण्याचा धोका पत्करावा, असे प्रसंग थोडे. प्रत्यक्षात सुरुवात तिथूनच होते. ठेवणाऱ्याने ठेव ठेवल्याशिवाय अमानतदार कसा घडेल?

तो तख्ता आम्ही उतरवला. रुपया आणणाऱ्या त्या मुलाकडे वर्गाच्या कपाटाची किल्ली दिली. आत सर्वांच्या सहलीचे पैसे होते. तारा नव्हता, शाबासकी नव्हती. भरती आमच्या खिशातून करावी लागली असती, हेही आम्हाला ठाऊक होते. त्या रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी तो आमच्याआधी कपाटापाशी उभा होता. त्याने काही न बोलता किल्ली हातात दिली आणि बाकावर जाऊन बसला. पैसे आम्ही मोजले नाहीत.