सणाच्या अंकातला रोबो

मुलांच्या मासिकाचा सणाचा अंक आधी व्यवहार असतो, साहित्य नंतर. सणासुदीला घरात चार पैसे सैल झालेले असतात, शाळेला सुट्टी असते, आणि 'पोरांसाठी काहीतरी घ्या' असे म्हणणारे माणूस प्रत्येक घरात असतेच. प्रकाशकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून इंग्लंडमध्ये 'बीनो'सारख्या साप्ताहिकाच्या शीर्षकावर डिसेंबरात चित्रातला बर्फ साचतो. जपानमध्ये नववर्षाच्या अंकाबरोबर कागदाची कापून जोडायची खेळणी येतात. आपल्याकडे 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी ती प्रथा टिकून आहे. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. विचारायचे ते एवढेच, की पाने वाढली, जाहिराती मिळाल्या, मुखपृष्ठ सजले, पण आत गोष्टीचे काय झाले?

रोबोंच्या साहसकथेत हा प्रश्न फार अडचणीचा ठरतो. तिची सगळी भिस्त ताकदीवर असते: उडणे, लढणे, मोडून पडणे, पुन्हा उभे राहणे. सणाला यातले काहीच लागत नाही. सण म्हणजे भूक, घर, नातेवाईक आणि वाढते वय. रोबोला गोडधोड नको, नवे कपडे नकोत, आणि मागच्या वर्षीपेक्षा तो बोटभरही उंच होत नाही. ओसामु तेझुकांनी ही अडचण फार लवकर ओळखली होती. 'शोनेन' मासिकात १९५२ ते १९६८ अशी सोळा वर्षे चाललेल्या त्यांच्या चित्रकथेतला ॲटम हा रोबो डॉ. तेन्मा बनवतात तो अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी. पण हा मुलगा वाढत नाही हे लक्षात येताच तोच बाप त्याला सर्कशीत विकून टाकतो. ज्याची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडता येत नाही, त्याला घरात जागा नाही. सणाच्या दिवशी तर हे जास्तच बोचते. म्हणून मला वाटते, की सणाच्या अंकात लेखक रोबोचे काय करतो यावरून तो मुलांना काय समजतो, याचा अंदाज येतो.

पहिले उदाहरण इंग्लंडचे. 'ट्रान्सफॉर्मर्स'ची जन्मकथा दुकानातली आहे. जपानच्या ताकारा कंपनीची खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने उचलली आणि त्यांच्यासाठी गोष्ट रचण्याचे काम मार्व्हलकडे दिले. खेळणी आधी, स्वभाव मागून. बहुतेक रोबोंची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की या लेखक-संपादकाने ठरवले. १९८४च्या सप्टेंबरात या कॉमिकची ब्रिटिश आवृत्ती सुरू झाली आणि जानेवारी १९९२पर्यंत तिचे ३३२ अंक निघाले. ती लवकरच साप्ताहिक झाली आणि तिथे एक पेच उभा राहिला. अमेरिकेतली कथा मासिक होती. तिचे दोन तुकडे करून दोन आठवडे चालवले तरी बारा अंकांत वर्षाचे चोवीसच आठवडे भरत. उरलेल्या आठवड्यांसाठी सायमन फरमन आणि इतर ब्रिटिश लेखकांना स्वतःच्या कथा लिहाव्या लागल्या. पण मुख्य धागा अमेरिकेच्या हातात असल्यामुळे या फटीतल्या कथांना बंधने होती. कुणाला कायमचे मारायचे नाही, आणि पुढच्या अमेरिकन कथेला अडेल असे काही करायचे नाही.

ख्रिसमसची कथा या बंधनांत चपखल बसली. ती अवघ्या अकरा पानांची असे. तिच्यात युद्धाचा निकाल लागणार नव्हता, म्हणून युद्ध थांबल्यावर काय उरते हे दाखवायला लेखक मोकळा झाला. १९८५च्या डिसेंबरातली कथा होती 'ख्रिसमस ब्रेकर'. तिच्यात सर्किट ब्रेकर ही बाई येते. रोबोंच्या हल्ल्यात तिचे शरीर लुळे पडलेले आहे, आणि आपल्याच अंगावर विद्युतमंडलांचे कवच चढवून ती उभी राहिली आहे. तिच्या लेखी चांगला रोबो आणि वाईट रोबो असा भेद नाही, सगळे सारखेच शत्रू. सणाच्या आठवड्यात नेहमीच्या खलनायकापेक्षा अशी जखमी, चिडलेली बाई समोर आणणे ही साधी गोष्ट नव्हे. नऊदहा वर्षांच्या वाचकाला एक अवघड गोष्ट सांगितली गेली, की समोरच्याच्या द्वेषाला कारण असू शकते आणि तरीही त्याचा वार चुकीच्या माणसावर पडू शकतो. १९८७च्या ख्रिसमसला तर 'स्टारगेझिंग'मध्ये दगाबाजीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टारस्क्रीमलाच सणाच्या तावडीत देण्यात आले.

ज्याचा उगमच विक्रीत आहे असे कॉमिक सणाच्या निमित्ताने, म्हणजे विक्रीच्या भर हंगामात, लढाई बाजूला ठेवते ही गंमतच आहे, आणि त्याचे श्रेय त्या लेखकांना द्यायला हवे. तरीही या जातीच्या कथांना एक मर्यादा आहे. त्यांच्यात रोबो बहुतेक वेळा खिडकीबाहेर उभा असतो. आत दिवे, झाड, भेटवस्तू आणि हसणारी माणसे. बाहेरचा रोबो हे पाहून हेलावतो आणि माणुसकीची शिकवणी घेऊन निघून जातो. यात कौतुक होते ते मोठ्या माणसांचे. आपला सण किती उबदार, आपली मने किती मोठी, हे आपणच यंत्राच्या तोंडून वदवून घेतो. मुलांचा अनुभव असा एकसुरी नसतो. सणाच्या दिवशी मूल हरते, रुसते. चुलतभावाला काय मिळाले आणि आपल्याला काय, हे मोजते. पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला लावले की त्याला जमीन दुभंगावी असे वाटते. ख्रिसमसच्या रोबोकथेत या मुलाला फारशी जागा मिळत नाही.

ती जागा जपानमध्ये एका कथेने दिली. तिचा नायक आपल्या घराघरांत ठाऊक आहे, पण त्याचा जन्म सणाच्या अंकात झाला हे फार थोड्यांना माहीत असते. डोरेमॉन पहिल्यांदा छापला गेला तो शोगाकुकान प्रकाशनाच्या १९७०च्या जानेवारी अंकांत. अंक हातात पडले १९६९च्या डिसेंबरात. 'अंकांत' असे अनेकवचन मुद्दाम वापरले आहे. या प्रकाशनाची मासिके इयत्तावार असत आणि डोरेमॉन एकाच महिन्यात सहा मासिकांत सुरू झाला: दोन शाळेआधीच्या मुलांची, चार पहिली ते चौथीची. हिरोशी फुजिमोतो, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ, यांनी प्रत्येक वयासाठी पहिली कथा वेगळी रचली. आधीच्या महिन्यात जी जाहिरात छापली तिच्यात रोबोचे चित्रच नव्हते, कारण तो तोवर सुचलाच नव्हता. टेबलाचा खण उघडला होता आणि आतून काय बाहेर येणार, हे लेखकालाही ठाऊक नव्हते.

चौथीच्या मासिकातली कथा पुढे पुस्तकाच्या पहिल्या खंडात आली. ती नववर्षाच्या सणात घडते. नोबिता खोलीत निवांत लोळत पडला आहे आणि यंदाचे वर्ष बरे जाणार असे त्याला वाटते आहे. तेवढ्यात कुठून तरी आवाज येतो, की बरे वगैरे काही नाही. अर्ध्या तासात हा मुलगा फासावर लटकेल आणि चाळीस मिनिटांनी आगीत भाजेल. मुलांच्या मासिकात, सणाच्या अंकात, पहिल्याच पानावर हे भाकीत! मग खणातून निळा रोबो बाहेर पडतो आणि समोर ठेवलेली मोची, म्हणजे तांदळाची सणाची मऊ वडी, उचलून तोंडात टाकतो. तो बाहेर उभा राहून सण पाहत नाही. तो थेट ताटात हात घालतो. त्याला ती आवडते, आणि रोबो आणि सण यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

मागोमाग नोबिताचा खापरपणतू सेवाशी येतो आणि सणाच्या दिवशी हिशेब मांडतो. मोठेपणी नोबिताची कंपनी फटाक्यांमुळे जळून जाणार आहे. कर्ज इतके होणार आहे की शंभर वर्षांनीही ते फिटणार नाही. त्याचा परिणाम काय, तर सेवाशीला नववर्षाची ओवाळणी मिळते ती फक्त ५० येन. जपानी घरांत नववर्षाला मुलांना पाकिटातून पैसे देतात, आणि कुणाकडून किती आले याची मोजणी हा मुलांच्या सणाचा मोठा भाग असतो. फुजिमोतो यांनी भविष्याची सगळी आपत्ती या एका पाकिटात बसवली. नऊ वर्षांच्या मुलाला दिवाळखोरी कळणार नाही. ओवाळणी कमी झाली, हे मात्र लगेच कळते.

पुढची साहसेही सणाच्याच आवाक्यातली आहेत. भाकिते दोन्ही खरी ठरतात, पण जीवघेणी न होता फजितीची. डोक्यावर लावायची उडती भिंगरी, जी आज डोरेमॉनची ओळख आहे, ती या पहिल्या कथेत नोबिताच्या चड्डीच्या मागे लावलेली आहे. साहजिकच उडते ती चड्डी, आणि नोबिता खाली येतो. मुलाला उडता येईल, पण त्याची फजिती टळणार नाही, हा पुढच्या शेकडो कथांचा नियम इथेच ठरला.

त्या वर्षीचा जपान आठवा. ओसाकाचे जागतिक प्रदर्शन मार्च १९७०मध्ये उघडायचे होते आणि तंत्रज्ञान भविष्य सोपे करणार, अशी हवा होती. अशा वेळी सणाच्या अंकात भविष्यातून जो रोबो येतो, त्याला आणणारा मुलगाच सांगतो की हा काही फार हुशार नाही. तो येतो ते कर्जबाजारी घराण्याची शेवटची तजवीज म्हणून. भविष्याबद्दल मुलांशी इतके खरे बोलायला धैर्य लागते, आणि सणाच्या दिवशी तर जास्तच. ख्रिसमसचा रोबो माणसांकडून चांगुलपणा शिकून जातो. डोरेमॉन शिकायला येत नाही, तो राहायला येतो. मुलाला हवे असते तेही हेच, आपल्या बाजूने बसून खाणारे कुणीतरी.

आता आपल्याकडे पाहू. डोरेमॉन आपल्या मुलांना भेटला तो टीव्हीवर, हिंदी बोलत. छापील पानावरचा, सणाच्या अंकातला डोरेमॉन त्यांना ठाऊक नाही. पण आपल्याजवळ दिवाळी अंकाची एवढी मोठी चौकट आहे. बालभारतीचे 'किशोर' १९७१पासून निघते आहे. फुरसुंगीचा फास्टर फेणे भा. रा. भागवतांनी आपल्याला दिला. 'चिंटू' वर्षानुवर्षे वर्तमानपत्रातून घरोघरी गेला. म्हणजे नायक आहेत, वाचक आहेत आणि सणाचा अंक विकत घेण्याची सवयही आहे. तरी मुलांचे दिवाळी अंक चाळले की बहुतेकांत सण पानाच्या कडेला सापडतो. पणत्यांची महिरप, किल्ल्याची माहिती, फटाक्यांच्या धुराविरुद्ध एक बोधकथा, गरीब मित्राला कपडे देणारा एक शहाणा मुलगा. ज्याचा किल्ला ऐन वेळी ढासळला, ज्याला मामाकडून यंदा काहीच आले नाही, ज्याच्या बाबांची नोकरी दिवाळीच्या आधी गेली, तो मुलगा या पानांत दिसत नाही. आणि दिसलाच, तर शेवटच्या परिच्छेदात त्याचे डोळे पुसून झालेले असतात.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चित्रकथा महाग पडते. चित्रकाराला महिना-दोन महिने लागतात आणि आपल्या पाठीशी खेळण्यांची कंपनी नाही. जपानचे गोडवे गातानाही एवढे सांगितलेच पाहिजे, की शोगाकुकानची ती इयत्तावार मासिके आता जवळपास सगळी बंद पडली आहेत. चौथीचे मासिक २०१२ साली थांबले आणि शाळेच्या इयत्तांपैकी आज फक्त पहिलीचे उरले आहे. छापील मासिकाला तिथेही सुखाचे दिवस नाहीत. पण मासिक गेले तरी त्या जानेवारीच्या अंकात जन्मलेले पात्र राहिले. डोरेमॉनच्या मागे पहिल्या दिवशी कुठलेही खेळणे नव्हते. होती ती एक कोरी जाहिरात, डोक्यावरची मुदत, आणि मुलांशी खोटे बोलायचे नाही एवढा लेखकाचा निर्धार. यातले काहीच आपल्या ऐपतीबाहेरचे नाही.

म्हणून मुलांच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना एकच विनंती. पुढच्या अंकात दहा बोधकथांची पाने एकत्र करा आणि ती एका लेखकाला व एका चित्रकाराला द्या. नायक रोबो असो, मांजर असो की फुरसुंगीचा पोरगा असो, तो पुढच्या दिवाळीलाही परत येईल अशी हमी वाचकाला द्या. त्याची दिवाळी बिघडू द्या. चित्रकाराला वेळेवर आणि पुरेसे मानधन द्या. आणि शेवटच्या पानावर तात्पर्य छापू नका.