पूर्ण हजेरीचें पुण्य

पडसें झालें असतां शाळेंत जावें कीं न जावें, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या योग्यतेचा नाहीं, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु नीतीची कसोटी पुष्कळदां असल्या क्षुल्लक प्रसंगींच लागते, असें आमचें मत आहे.

आम्ही विद्यार्थी असतां, वर्षभर एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलास बक्षीस मिळत असे. एके वर्षीं तें आम्हांस मिळालें. त्या पावसाळ्यांत पडसें होऊन अंगांत कणकण असतांही आम्ही सुंठीचा काढा पिऊन, गळ्याला मफलर गुंडाळून वर्गांत जाऊन बसलों, आणि घरींदारीं आमच्या निष्ठेची वाखाणणी झाली. पुढल्या आठवड्यांत बाकावरचा आमचा दमेकरी सोबती जो अंथरुणास खिळला, तो पंधरा दिवस उठला नाहीं. तें दुखणें आमच्याकडूनच गेलें, असें सिद्ध करतां येणार नाहीं; गेलें नाहीं, असें म्हणण्याचें धैर्यही आम्हांस होत नाहीं.

इंग्लंडांत सॉल्झबरी येथें १९४६ पासून १९९० पर्यंत पडशाच्या संशोधनाची एक संस्था चालली होती. तेथें निरोगी स्वयंसेवक इतरांपासून अलग राहून, पडशाचे विषाणु आपल्या नाकांत घालून घेण्यास स्वखुशीनें तयार होत. आमच्या सोबत्याची संमति कोणीं विचारली होती? कष्ट आम्हीं सोसले, म्हणून तो आमचा त्याग, असें आम्ही समजलों. त्या त्यागाची किंमत मात्र दुसऱ्याच्या छातीनें भरली.

मग शिंक आली कीं घरीं बसावें काय? तसेंही नव्हे. पडसें आणणारे विषाणु दोनशेंहून अधिक प्रकारचे आहेत, आणि लहान मुलास वर्षांतून सहा-आठ वेळां पडसें होणें स्वाभाविक आहे. प्रत्येक वेळीं तें घरीं राहील तर विद्येस मुकेल; शिवाय एक दिवस घरीं राहतां जिची मजुरी बुडते, त्या आईनें त्याच्यापाशीं बसावें तरी कसें? म्हणून आमचा निर्णय असा कीं, ताप असेल अथवा खोकल्यानें जीव हैराण असेल, तर घरीं राहणें हेंच कर्तव्य होय. नुसतें नाक वाहत असेल तर खुशाल शाळेंत जावें. मात्र आपण शेजाऱ्याचे देणेकरी आहों, हें ओळखून जावें. जवळ रुमाल ठेवणें, शिंकतांना तोंड कोपरांत झांकणें, हात साबणानें धुणें, एवढें तरी त्या ऋणापोटीं केलेंच पाहिजे. शाळेनेंही आजारी मुलाचा बुडालेला धडा पुन्हा शिकवावा, आणि न चुकतां येण्याचें बक्षीस बंद करावें.

आमच्या बक्षिसाचा पितळी पेला अद्याप फडताळांत आहे. त्यावर आमचें नांव कोरलेलें आहे. तो घांसून लख्ख करावा, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.