गव्हाणीतला मिठाचा खडा



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी भाऊ दाराशी थांबले होते. म्हणाले, "फादर, गाय भिंत चाटून राह्यली. तिले मिठाचा मोठा खडा पायजे, कुठीच भेटत नाही." त्यांचे वडील नारळाएवढा शेंदेलोणाचा खडा आणून गव्हाणीत ठेवत असत. सोमवारी आम्ही त्यांच्यासोबत अकोल्याच्या बाजारात हिंडलो. उपवासाचे दळलेले सैंधव पाकिटांत मिळत होते, खडा मात्र नाही. हे मीठ मुख्यतः पाकिस्तानातील खेवड्याच्या खाणीतून येत असे. २०१९ मध्ये तिकडच्या मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि मे २०२५ पासून आयातच बंद झाली. हिमाचलात मंडीकडे शेंदेलोण निघते, पण ते आपल्या बाजारात आम्हाला दिसले नाही. शेवटी जनावरांच्या औषधांच्या दुकानात चाटण वीट मिळाली, तीच घेतली.

या खरेदीत आम्ही बरेच शिकलो. कुटारात, कडब्यात सोडियम फार थोडे असते आणि दुभत्या गाईच्या दुधातून ते रोज बाहेर जाते. चाऱ्यात मीठ टाकले तर ते मालकाच्या अंदाजाने तिच्या पोटात जाते. वीट असली की गाय गरजेपुरती चाटते आणि बाजूला होते. मात्र वीट छपराखाली हवी आणि जवळ पिण्याचे पाणी हवे. पावसात राहिली तर मीठ वाहून जाते आणि मातकट चोथा उरतो.

आजच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:१३-१६) प्रभू येशू शिष्यांना मीठ म्हणतो आणि चव गेलेल्या मिठाविषयी बजावतो. शुद्ध मिठाचा खारटपणा जात नाही, हे शाळकरी मूलही सांगेल. पण मृत समुद्राकाठचे मीठ शुद्ध नव्हते, त्यात जिप्समसारखे क्षार मिसळलेले असत. ओल लागली की मीठ विरघळून जाई आणि पांढरे ढेकूळ मागे राही. दिसायला मीठच, पण जिभेवर ठेवले तर माती. आम्हाला या वचनातली ही पांढऱ्या ढेकळाची गोष्ट सर्वात अस्वस्थ करते, कारण ढेकळाला स्वतःला काही गेल्याचे कळत नाही.

आपल्या वऱ्हाडाला मिठाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, शेताला दिले तर काळी जमीन चोपण होते. त्याच पट्ट्यातील दहीहंड्याला एप्रिल १९३० मध्ये सत्याग्रहींनी खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ करून सरकारचा कायदा मोडला. एकाच जागी साचून राहिलेले मीठ जमिनीला जाळते, चिमूटभर वाटले तर घर जेवते. आपण रविवारी एकत्र साचतो, हे चांगलेच आहे. सोमवारी कुठे असतो?

ज्येष्ठांना आठवत असेल, जुन्या स्नानसंस्कारात बाळाच्या जिभेवर मीठ ठेवत असत. १९६९ च्या नव्या विधीत ते गेले. पवित्र पाण्यात आशीर्वादित मीठ घालण्याची मुभा अजून आहे.

आता एक कबुली. गेल्या पावसाळ्यात आपल्या भागातील एका तरुण शेतकऱ्याने जीव दिला. त्या घरी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो, प्रार्थना केली, चहा घेतला. परत गेलो ते दोन महिन्यांनी. त्याची आई एवढेच म्हणाली, "सारे एकदाच येऊन गेले." तिने रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा भुकेल्याला भाकर आणि बेघराला घर देण्याविषयी सांगतो, आणि लगेच म्हणतो की आपल्याच माणसांपासून तोंड लपवू नका. आम्ही तोंड लपवले नव्हते, पण दाखवले तेही एकदाच. अॅरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना एक जुनी म्हण सांगितली आहे की, सोबत बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपण मिठाला जागणे म्हणतो, त्यालाही आधी ताटाला ताट लावून बसावे लागते. एका चहात ते होत नाही.

गव्हाणीतला खडा काही बोलत नाही. तो तिथे असतो. गाय रात्री उठली तरी असतो, आणि चाटून चाटून झिजतो.

त्या आईकडे आता दर शनिवारी संध्याकाळी जायचे आम्ही ठरवले आहे. डबा घरूनच न्यायचा आणि तिच्यासोबत जेवायचे. प्रत्येक वेळी दोन कुटुंबे सोबत असावीत असे वाटते. ज्यांना यायचे आहे त्यांनी मिस्सानंतर दाराशी भेटावे. गाईवाले भाऊ पहिल्या शनिवारी येतो म्हणाले आहेत. वीट त्यांनी गोठ्यात छपराखाली टांगली आहे आणि गाईने भिंत सोडली आहे.