रसना, घ्राण आणि प्रसादाची गोडी

सज्जनहो, पाच ज्ञानेंद्रियांत रसना आणि घ्राण या दोघी एकाच घरात नांदणाऱ्या जावा आहेत. राबते एक आणि नाव होते दुसरीचे. खरे वाटत नसेल तर नाक चिमटीत घट्ट धरा आणि वेलदोड्याची पूड लावलेला गुळाचा खडा तोंडात टाका. गोड एवढेच कळेल. चिमटी सोडा, की वेलदोडा हजर! अन्न चावताना त्याचा गंध घशाच्या मागल्या वाटेने नाकात चढतो. आपण ज्याला स्वाद म्हणतो त्यात मोठा वाटा या गंधाचा असतो.

अन्नंभट्टांनी तर्कसंग्रहात रस सहा सांगितले आणि गंध दोनच, सुगंध व दुर्गंध. आजच्या शास्त्राची वाटणी निराळी आहे. तिखट ही त्यांच्या मते चव नाही, ती आग आहे. म्हणून तर मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी तीच आग होते. गंध ओळखणारी द्वारे माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली या द्वारांचा शोध प्रसिद्ध केला. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाटणी बदलली, पण नैयायिकांचे एक म्हणणे टिकून आहे: मन इंद्रियाशी जोडले गेले नाही, तर विषय पुढ्यात असूनही कळत नाही.

आता हे सांगण्याचे कारण. २०२० च्या साथीत पुष्कळांचे नाक बधिर झाले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. पुढे एका काल्याच्या कीर्तनानंतर एक म्हातारी माउली आम्हांस म्हणाली, "महाराज, बुक्क्याला वास नाही, तुळशीला वास नाही, काला मातीवाणी लागतो. पांडुरंग रुसला का हो माझ्यावर?"

आम्ही म्हणालो, "माउली, देव कशाला रुसेल? वाटेवर दरड कोसळली आहे, इतकेच."

त्या रोगाने नाकाच्या वरच्या भागातील नाजूक अस्तराला इजा होते. हे देहाचे दुखणे आहे, पापाचे फळ नव्हे. गंधाची वाट मेंदूतील आठवणीच्या आणि भावनेच्या स्थानाशी फार जवळून जोडलेली आहे. म्हणून बुक्क्याच्या एका झुळकीने सारे वाळवंट डोळ्यांपुढे उभे राहते. आणि गंध गेला की जगच परके वाटू लागते. घरच्यांनी याला नखरे म्हणू नये. अन्न आंबले आहे काय, गॅस सुटला आहे काय, हे त्यांनी तिच्यासाठी पाहावे. वैद्यक यावर अभ्यास सांगते: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी यांचा वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, काही महिने घ्यावा. सर्वांना गुण येतोच असे नाही, पण अनेकांना येतो. नित्यनेमाची सवय असलेल्या वारकऱ्यास हे काय जड आहे?

ज्यांचे नाक शाबूत आहे त्यांनीही ऐकावे. बुक्का लावून घटकाभर झाला की त्याचा वास आपल्यालाच येईनासा होतो. नाक सरावते. नामाचेही असेच होते. जीभ चालू राहते आणि मन बाजारात जाते. उलट, एकादशीला ताट दूर असते, पण मन साबुदाण्याच्या खिचडीभोवती फिरते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत हेच सांगतात: आहार सोडल्याने विषय सुटतो, त्याची गोडी मागे उरते, ती परमात्म्याच्या दर्शनानेच जाते.

प्रसादाची गोडी केवळ जिभेवर असती, तर हलवायाचे दुकान हेच पंढरपूर झाले असते. ज्याला चव कळते त्याने काल्याचा घास घेताना क्षणभर मन तेथे आणावे. ज्याला कळत नाही त्याने तो घास शेजारच्याच्या मुखी घालावा आणि त्याचे तोंड पाहावे. पंगत एकच, वाढणारा एकच.

रामकृष्णहरि.